चढावर आडोसा मिळत नाही, मग डोंगरात टीम कशाला?

प्रश्न असा आहे: टूर द फ्रान्ससारख्या सायकल शर्यतीत डोंगराळ टप्प्यावर वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास येतो. एवढ्या वेगाला वाऱ्याचा अडथळा फारसा नसतो. मग मुख्य स्पर्धकाच्या पुढे त्याचे तीन-चार सहकारी रांग लावून का चालतात? आणि ज्याचे पाय सर्वांत भारी, तो पहिल्याच घाटात सगळ्यांना सोडून का जात नाही? शेवटच्या पाच किलोमीटरपर्यंत कसली वाट बघतो?

मी आधी हौशी गटात अशा टप्प्यांच्या शर्यतींत उतरलो, पुढे काही हंगाम संघाचा मदतनीस म्हणून घाटमाथ्यावर बाटल्या घेऊन उभा राहिलो, आणि आता स्पर्धकांना तयार करतो. तिन्ही ठिकाणांहून मला एकच गोष्ट दिसली. डोंगरातली शर्यत चढावर दिसते, पण तिचा बराचसा निकाल दोन घाटांमधल्या दरीत, माथ्यावरच्या अर्ध्या मिनिटात आणि खिशातल्या खाण्यावर लागलेला असतो. टीम लागते ती तिथे. आता हे उलगडून सांगतो. आकडेमोड थोडी करावी लागेल, पण त्याशिवाय हा खेळ कळत नाही.

आधी वाऱ्याचं बघू. ६५ किलोचा स्पर्धक धरा. सायकल, कपडे, बूट, पाणी मिळून आणखी ९ किलो. ८ टक्क्यांच्या चढावर, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की आठ मीटर वर, तो ताशी २० किलोमीटरने चाललाय. हे ७४ किलो वर उचलायलाच साधारण ३२० वॅट लागतात. टायरच्या घर्षणात पंधरा एक वॅट जातात, आणि हवेला बाजूला सारायला तीस-पस्तीस. एकूण ३७० च्या आसपास. म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर आहे: हवेचा वाटा दहावा हिस्सा सुद्धा नाही. दुसऱ्याच्या चाकामागे राहून त्यातले दहा-बारा वॅट वाचतात. सपाटीवर ताशी ४५ ने जाताना हेच गणित उलटं होतं, तिथे जवळपास सगळी ताकद हवाच खाते.

पण दहा-बारा वॅट म्हणजे काहीच नाही, असं मात्र समजू नका. ३७० मधले ते तीन टक्के आहेत, आणि चाळीस मिनिटांच्या चढावर तीन टक्के म्हणजे मिनिटभर. तीन आठवड्यांची शर्यत कित्येकदा याहून कमी फरकाने जिंकली गेलीय. शिवाय हे स्थिर हवेचं झालं. मों व्हाँतू या फ्रान्समधल्या डोंगराच्या उघड्या माथ्यावर समोरून वारा सुटला, की चढावरही माणूस दुसऱ्याच्या पाठीमागे लपायला बघतो.

तरीही सहकारी पुढे चालण्याचं मुख्य कारण वेगळं आहे, ते म्हणजे लय. प्रत्येकाची एक मर्यादा असते, जिच्या खाली तो तासभर टिकू शकतो. तिच्या वर गेलात की एका छोट्या साठ्यातून खर्च सुरू होतो. हा साठा चांगल्या स्पर्धकाचा साधारण वीस किलोज्यूलचा असतो. मर्यादेपेक्षा शंभर वॅट वर गेलात तर तो दोनशे सेकंदांत, म्हणजे साडेतीन मिनिटांच्या आत संपतो. परत भरायचा तर मर्यादेच्या बऱ्यापैकी खाली यावं लागतं, आणि घाटात खाली यायचं म्हणजे समोरच्याचं चाक सोडायचं.

आता कुणी ताशी २० वरून २६ ची उसळी मारली, तर त्याला ३७० ऐवजी ५०० वॅट लागतात. मागून पकडणाऱ्यालाही तेवढेच. अशा दोन-तीन उसळ्या झाल्या की दोघांचा साठा रिकामा. इथे टीमचा उपयोग होतो. सहकारी पुढे राहून वेग इतका चढा आणि इतका एकसारखा ठेवतात, की उसळी मारण्याइतकी शिल्लक कुणाकडे उरतच नाही. कुणी गेलाच तर मागे धावायचं नाही. पुढचा माणूस त्याच दमाने चालत राहतो, आणि पळालेला दोन किलोमीटरवर आपोआप परत सापडतो. टीव्हीवर हे कंटाळवाणं दिसतं. ज्याचे पाय भरून आलेत त्याला मात्र ती रांग भिंतीसारखी वाटते.

हे काम करणारे एकेक करून संपतात, आणि ते तसे संपावेत अशीच योजना असते. पहिला पायथ्यापर्यंत आणतो, दुसरा पहिले चार किलोमीटर ओढतो, तिसरा पुढचे चार. काम संपलं की तो बाजूला होतो आणि अक्षरशः थांबल्यासारखा मागे पडतो. नवख्या प्रेक्षकाला वाटतं, हा हरला. त्याने त्या दिवशीची आपली शर्यत पूर्ण केलेली असते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी पहिल्या वर्षी हेच शिकवतो: तुझा टप्पा कुठे संपतो ते सकाळीच ठरव, आणि तिथपर्यंत काहीही हातचं राखू नकोस.

पूर्वी हे असं नव्हतं. १९१० साली टूर पहिल्यांदा पिरेनीज पर्वताच्या उंच घाटांत शिरली. ल्युशाँ ते बायोन, ३२६ किलोमीटर, वाटेत पेरसूर्द, आस्पाँ, तूरमाले आणि ओबिस्क हे घाट. तेव्हा मदत घेणं हाच गुन्हा होता. १९१३ मध्ये तूरमालेच्या उतारावर युजीन क्रिस्तोफच्या सायकलचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, मोडला. तो सायकल खांद्यावर टाकून काही मैल चालत सेंत मारी द काँपाँ गावात गेला आणि लोहाराच्या भट्टीत स्वतःच्या हाताने फोर्क जोडला. तीन तासांहून जास्त वेळ गेला. वर त्याला वेळेचा दंड झाला, कारण भट्टीचा भाता एका मुलाने हलवला होता. भाता हलवणं ही सुद्धा परकी मदत.

वीस वर्षांनी चित्र पालटलं होतं. १९३४ मध्ये वीस वर्षांचा रेने व्हिएत्तो स्वतः डोंगरात सर्वांत वेगवान होता, पण संघाचा प्रमुख होता आंतोनाँ मान्य. पोर्ते दास्पेवर मान्यची सायकल बिघडल्याचं कळताच व्हिएत्तो वळला, ज्या रस्त्याने उतरला होता त्याच रस्त्याने उलटा चढून गेला आणि आपली सायकल त्याला दिली. मान्य ती टूर जिंकला, व्हिएत्तो पाचवा आला. जवळ सहकारी असण्याचं हे कारण आजही तितकंच खरं आहे. घाटात गट फुटला की संघाची गाडी मागे अडकते. रस्ता अरुंद, मधे थकलेले स्पर्धक, आणि दोन गटांत पुरेसं अंतर पडल्याशिवाय पंच गाडीला पुढे सोडत नाहीत. तेवढ्यात चाक पंक्चर झालं तर सर्वांत जवळचं चाक सहकाऱ्याच्या सायकलला असतं.

आता दरीकडे येतो. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे.

समजा दोन घाटांमध्ये १० किलोमीटरची सपाटी आहे. ताशी ४० ने जाणाऱ्याला १५ मिनिटं लागतात, ४४ ने जाणाऱ्याला १३ मिनिटं ३८ सेकंद. फरक १ मिनिट २२ सेकंदांचा. तेवढाच फरक शेवटच्या ५ किलोमीटरच्या चढावर पाडायचा असेल, तर इतर सगळे ताशी २० ने जात असताना तुम्हाला पाव तास सलग २२ ने जावं लागेल, म्हणजे चाळीस वॅट जास्त. त्या पातळीवर एवढा फरक क्वचितच कुणात असतो. दरीत तो फरक कसा पडतो बघा. एकट्याला ४० ने जायला साधारण २७० वॅट लागतील, ४४ ने जायला ३५०. पण पुढे एखादा दणकट सहकारी असेल, तर त्याच्या मागे ४४ ने जायला तुम्हाला २४० पुरतात. म्हणजे सहकारी असलेला माणूस एकट्यापेक्षा कमी दमतो आणि वर सव्वा मिनिट कमावतो. पुढच्या घाटाच्या पायथ्याशी हे दोघे पोचतात तेव्हा एकाचे पाय ताजे असतात आणि दुसऱ्याच्या डोळ्यांत घाम गेलेला असतो.

म्हणूनच ज्याचे पाय भारी आहेत तो पहिल्या घाटात पळून जायला कचरतो. चढावर मिळवलेला दीड मिनिट दरीत पाच जणांचा गट आळीपाळीने ओढत येऊन खाऊन टाकतो. आणि म्हणूनच हुशार संघ सकाळीच एक माणूस पुढच्या पळालेल्या गटात पाठवून ठेवतात. तो दिवसभर पुढे असतो, जिंकायला नव्हे, दरीत थांबायला.

२०२५ च्या जिरो द इटालियाचा, म्हणजे इटलीतल्या तीन आठवड्यांच्या शर्यतीचा, विसावा टप्पा याचं मी पाहिलेलं सर्वांत सुंदर उदाहरण. वाटेत कोल्ले देल्ले फिनेस्त्रे घाट: साडेअठरा किलोमीटर, सरासरी ९ टक्क्यांहून जास्त चढ, आणि शेवटचे आठ किलोमीटर रस्ता कच्चा, खडीचा. माथा २१७८ मीटरवर. गुलाबी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत पहिला असल्याची खूण, इसाक देल तोरोकडे, दुसरा रिचर्ड कारापाझ, तिसरा सायमन येट्स, देल तोरोच्या १ मिनिट २१ सेकंद मागे. चढावर कारापाझने हल्ला केला, देल तोरो त्याला चिकटला. येट्स त्यांना येऊन मिळाला, त्याने काही वेळा जोर लावला आणि शेवटी निसटला. मागचे दोघे एकमेकांकडे बघत राहिले: तू ओढ, मी का ओढू? येट्स माथ्यावर पोचला तेव्हा त्याच्याकडे दीड मिनिटाच्या वर आघाडी होती. इथवर हा नेहमीसारखा धाडसी हल्ला होता, खाली दरीत विरून जाऊ शकला असता.

पण खाली येट्सचा सहकारी वाउट वान आर्ट होता. ऐंशीच्या घरातल्या वजनाचा, दरीत आणि सौम्य चढावर जगात ज्याचा हात कुणी धरू नये असा माणूस. तो सकाळपासून पुढच्या गटात होता, फिनेस्त्रे त्याने येट्सच्या आधी पार केला होता, आणि आता तो वाट बघत होता. येट्स आला, त्याच्या मागे लागला, आणि वान आर्टने त्याला सेस्ट्रिएरेच्या चढाच्या दिशेने ओढत नेलं. तो शेवटचा चढही साधारण चारच टक्क्यांचा, म्हणजे वेग जास्त आणि आडोशाला मोल. दीड मिनिटाचे पाच मिनिटांहून जास्त झाले. येट्सने तो जिरो जवळपास चार मिनिटांनी जिंकला. याच घाटावर २०१८ मध्ये गुलाबी जर्सी अंगावर असताना तो कोसळला होता आणि त्या एका दिवसात त्याने ३८ मिनिटांहून जास्त वेळ गमावला होता. सेस्ट्रिएरेला तो रडला, ते पाहून माझेही डोळे भरून आले होते.

दुसरं उदाहरण २०२२ च्या टूरमधलं. तादेय पोगाचार पिवळ्या जर्सीत, म्हणजे टूरमध्ये आघाडीवर; चढावर त्याच्याहून वेगवान कुणी नाही असं सगळे धरून चालले होते. अकराव्या टप्प्यावर तेलेग्राफ, गालिबिये आणि शेवटी ग्रानाँ हे घाट. प्रिमोझ रोग्लिच आणि योनास विंगेगार्ड एकाच संघाचे. गालिबियेच्या वाटेवर दोघांनी पाळीपाळीने हल्ले केले. एक गेला की पोगाचार त्याला पकडणार, पकडलं की दुसरा निघणार. त्या वेळी त्याचा एकही सहकारी जवळ नव्हता, म्हणून प्रत्येक उत्तर त्याला स्वतःच्या पायांनी द्यावं लागलं. त्या घाटावर काहीच फरक पडला नाही. फरक पडला तासाभराने ग्रानाँवर, शेवटच्या पाच किलोमीटरच्या आत. विंगेगार्ड निघाला आणि पोगाचारला सॅडलवरून उठताही येईना. पावणेतीन मिनिटांहून जास्त वेळ गेला आणि टूरही. टीव्हीवर दिसलेला हल्ला ग्रानाँवरचा, पण त्याची किंमत गालिबियेवर वसूल झाली होती.

खाण्याबद्दल लोक फार कमी बोलतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पाच तासांच्या डोंगराळ टप्प्यात साडेचार-पाच हजार कॅलरी सहज जळतात. शरीरात, स्नायूंत आणि यकृतात मिळून, साठवलेली साखर सुमारे ५०० ग्रॅम, म्हणजे दोन हजार कॅलरी. चरबी मदत करते, पण ती सावकाश जळते आणि जोराच्या चढावर पुरी पडत नाही. उरलेलं तोंडातून आत जायला हवं. आजकाल तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं घेतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिसळून, कारण दोन्ही आतड्यातून वेगवेगळ्या वाटांनी शोषले जातात. याचा पोटाला महिनोन्महिने सराव द्यावा लागतो. पायांच्या व्यायामाइतकाच हाही सराव आहे, आणि तो टाळणारी मुलं मला दरवर्षी भेटतात.

हे खायचं कधी? चढावर छाती भात्यासारखी चाललेली, तोंडात घास धरला तर श्वास चुकतो. उतारावर दोन्ही हात ब्रेकवर. उरते दरी. म्हणजे ज्याला दरीत एकट्याने जीव तोडून ओढावं लागतं, त्याचं जेवणही बुडतं. हे मी स्वतः भोगलंय. दोन घाटांमधल्या सपाटीवर पुढचा गट शंभर मीटरवर दिसत होता. आता गाठतो, मग खातो, असं म्हणत मी पंचवीस मिनिटं घालवली. गट गाठलाही. पुढच्या घाटाच्या तिसऱ्या वळणावर आधी बोटं थरथरायला लागली, मग समोरच्या जर्सीवरची अक्षरं दोन-दोन दिसू लागली, आणि मग पाय माझे राहिलेच नाहीत. जेलच्या दोन पुड्या खिशात तशाच होत्या. त्या वेळी खाऊन उपयोग नसतो. पोटातून पायांपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तोवर शर्यत निघून जाते.

मदतनीस म्हणून बाटली देणं हेही शिकावं लागतं. बाटली मानेशी दोन बोटांत धरायची, हात खांद्याच्या रेषेत लांब, आणि स्पर्धक जवळ आला की दोन-तीन पावलं त्याच्याच दिशेने चालायचं, म्हणजे त्याच्या हाताला झटका बसत नाही. तो तुमच्या तोंडाकडे बघत नाही, फक्त बाटलीकडे बघतो. चुकली तर पुढची बाटली कदाचित अर्ध्या तासाने. सहकारी असेल तर तो मागे गाडीपर्यंत जाऊन जर्सीच्या आत पाठीवर पाच-सहा बाटल्या खुपसून परत वर येतो. अर्ध्या लिटरची एक बाटली म्हणजे अर्धा किलो, आणि अर्धा किलो जास्त वजन चाळीस मिनिटांच्या चढावर तेरा-चौदा सेकंद खातं. म्हणून मुख्य स्पर्धक शेवटच्या घाटावर जवळ एकच बाटली ठेवतो, तीही अर्धी. बाकीचं पाणी दुसरा कुणीतरी वाहत असतो.

आता माथा. इथे अर्धं मिनिट मिळतं आणि त्यात बरंच काही बिघडू शकतं. चढताना माणूस घामाने चिंब, जर्सीची चेन बेंबीपर्यंत उघडी. माथा ओलांडला की पुढची वीस-पंचवीस मिनिटं पाय जवळपास स्थिर, वेग ताशी सत्तर-ऐंशी, हवा थंड. ओला कपडा छातीला चिकटतो आणि उष्णता ओरबाडून नेते. जुनी पद्धत म्हणजे वर्तमानपत्र: दुहेरी घडी करून जर्सीच्या आत छातीवर सरकवायचं. ते वारा अडवतं आणि घामही टिपतं. मी कित्येकांच्या हाती ते दिलंय. अजूनही त्याला तोड नाही असं माझं मत आहे, कारण जाकिटाच्या बाह्यांत हात घालायला दोन्ही हात हँडलवरून काढावे लागतात आणि वर्तमानपत्राला एक पुरतो.

५ जून १९८८ ला जिरो गाव्हिया घाटावरून गेली, उंची २६०० मीटरच्या वर, आणि वर बर्फ पडत होता. अँडी हॅम्पस्टनच्या संघाने सकाळीच स्कीइंगच्या दुकानांतून गरम कपडे, हातमोजे, टोप्या गोळा केल्या होत्या आणि माथ्याजवळ गरम चहाची सोय ठेवली होती. माथ्यावर सर्वांत पुढे होता योहान फान देर वेल्दे, अर्ध्या बाह्यांची जर्सी घालून. उतारावर तो गोठला. थांबला, आसरा शोधला, आणि बोर्मिओला पोचेपर्यंत पाऊण तासाहून जास्त वेळ गेला. एरिक ब्रॉइकिंक टप्पा जिंकला, हॅम्पस्टन सात सेकंदांनी दुसरा आला, पण गुलाबी जर्सी त्याला मिळाली आणि ती त्याने शेवटपर्यंत राखली.

१९९८ च्या टूरमध्ये गालिबियेवर थंड पावसात मार्को पंतानी पुढे निघाला, आणि माथ्यावर थांबून त्याने जाकीट घातलं. मागे त्याचा प्रतिस्पर्धी यान उलरिश उतारावर गारठला, मग शेवटच्या चढावर त्याच्या पायांत काही उरलं नव्हतं; जवळपास नऊ मिनिटं गेली. त्या काळातल्या चढाईच्या वेळा मी माझ्या मुलांना कधी दाखवत नाही, उत्तेजकांनी ते दशक नासवलेलं आहे. पण जाकिटासाठी खर्च केलेले ते सेकंद जरूर दाखवतो.

उताराबद्दल फार लिहीत नाही, कारण तो लिहून शिकवता येत नाही. एवढंच: वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. बाहेरच्या बाजूचा पाय खाली आणि अंगाचा सगळा भार त्यावर. नजर चाकापुढे नको, वळण जिथे संपतं तिथे हवी. चांगला उतरणारा एका मोठ्या घाटात वीस-तीस सेकंद कमावतो, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो दमत नाही. घाबरून उतरणाऱ्याचे खांदे आणि हात खाली पोचेपर्यंत दगड झालेले असतात. फाबियो कासार्तेल्ली १९९५ मध्ये पोर्ते दास्पेच्या उतारावर पडून मरण पावला, गिनो मेडर २०२३ मध्ये टूर द स्वीसमध्ये आल्बुलाच्या उतारावरच्या अपघातानंतर मरण पावला. सायकलच्या आडव्या नळीवर बसून उतरण्याची पद्धत २०२१ पासून बंद झाली, ते मला योग्यच वाटतं. जे हात ब्रेकपासून दूर नेतं ते सेकंदांसाठी करू नये.

उंचीचंही थोडक्यात. गालिबिये २६४२ मीटर, स्टेल्व्हिओ २७५८, इझेराँ २७६४, बोनेत २८०२. अडीच हजार मीटरवर हवेतल्या प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीपेक्षा चतुर्थांशाने कमी असतो. तिथे प्रत्येक उसळी महाग पडते आणि रिकामा झालेला तो छोटा साठा फार सावकाश भरतो. म्हणूनच संघ मोठ्या शर्यतीआधी दोन-तीन आठवडे टेनेरिफच्या तेइदेसारख्या उंच जागी राहायला जातात. ज्याला उंची सोसत नाही त्याला सहकारी दोन हजार मीटरच्या खालीच जमेल तेवढं पुढे नेऊन ठेवतात.

शेवटच्या गटाचा तुम्ही उल्लेख केला नाहीत, पण तोही याच गणितावर जगतो. सपाटीवरच्या वेगवान स्पर्धकांना टप्पा ठरावीक वेळेत संपवावा लागतो, विजेत्याच्या वेळेवर काही टक्के सवलत, नाहीतर घरी. ते पहिल्या घाटावरच एकत्र जमतात, चढावर ठरवून सावकाश जातात आणि उतारावर व दरीत जीव खाऊन ओढतात, कारण तिथे तीस जणांचा गट पुढच्या आठ जणांपेक्षा वेगवान असतो. २०११ च्या टूरमध्ये गालिबियेच्या टप्प्यावर ऐंशीहून जास्त जण मुदतीबाहेर गेले. इतक्यांना काढता येईना. गुण कापले आणि शर्यतीत ठेवलं. त्यांत हिरव्या जर्सीतला, म्हणजे गुणांत आघाडीवर असलेला मार्क कॅव्हेंडिशही होता.

राहिला तुमच्या प्रश्नाचा शेवट: मग लांबून कुणी जातच नाही का? जातात. फाउस्टो कोप्पी १९४९ च्या जिरोत कुनेओ ते पिनेरोलोच्या टप्प्यावर पाच घाट ओलांडत १९२ किलोमीटर एकटा गेला. एडी मर्क्स १९६९ च्या टूरमध्ये तूरमालेवरून निघाला, १४० किलोमीटर एकटा, आणि आठ मिनिटं कमावली. त्यांच्यात आणि इतरांत फरकच तेवढा होता. आणि कधी वाट बघणंही नडतं. २०१९ च्या टूरमध्ये इझेराँच्या पलीकडे गारपिटीने दरड रस्त्यावर आली, टप्पा थांबवला आणि माथ्यावरच्या वेळा धरल्या. एगान बेर्नाल माथ्याआधीच निघालेला होता, पिवळी जर्सी त्याची झाली. ज्यांनी पुढच्या घाटासाठी पाय राखले होते त्यांना तो घाट मिळालाच नाही.

क्रिस फ्रूमचा २०१८ चा हल्ला मात्र मला या सगळ्यांत जास्त शिकवून गेला. तोच फिनेस्त्रे, शेवट अजून ८० किलोमीटर दूर, आणि तो तीन मिनिटांहून जास्त मागे. दरीत त्याचा कुणी सहकारी थांबला नव्हता, म्हणजे मी वर मांडलेल्या हिशेबाने हे फसायला हवं होतं. पण त्याच्या संघाने आदल्या रात्री घाटावर जागोजागी माणसं उभी करायचं ठरवलं होतं, प्रत्येकाच्या हातात ठरलेलं खाणं आणि ठरलेली बाटली, त्यामुळे त्याला काहीच वाहावं लागलं नाही. उतारावर त्याने वेळ कमावला. आणि मागे त्याचा प्रतिस्पर्धी टॉम डुमुलाँच्या गटात एकमत नव्हतं: उतारावर ते मागे पडलेल्या एका सहकारी स्पर्धकासाठी थांबून राहिले, दरीत कुणी मनापासून ओढलं नाही. पाच जण असूनही तो गट एकट्यापेक्षा हळू चालला. फ्रूम बार्दोनेक्कियाला तीन मिनिटांनी पुढे पोचला आणि दोन दिवसांनी रोममध्ये जिरो जिंकला.